वीणेला वंदन, वीणाकाराचे विस्मरण

आज मार्गशीर्ष शुद्ध प्रतिपदा, देवदिवाळी. माणगंगेच्या काठी आमच्या म्हसवडनगरीत आज श्रीसिद्धनाथ आणि माता जोगेश्वरी यांचा रथ निघावयाचा. दिवाळीच्या पाडव्यापासून चालत आलेल्या देवाच्या लग्नसोहळ्याची ही सांगता. सातारा, सांगली, सोलापूर या जिल्ह्यांतून आणि त्यांच्याही पलीकडून भाविकांची रीघ लागते. गुलाल-खोबऱ्याची उधळण होते आणि 'चांगभलं'च्या गजराने आसमंत दुमदुमून जातो. रथाच्या दोरास एकवार हात लागावा म्हणून आबालवृद्ध धडपडतात. परंतु हा रथ ज्या चाकांवर चालतो ती चाके कोणी घडविली, त्या कारागिराचे नाव काय, घराणे कोणते, हा प्रश्न आजवर कोणी केल्याचे आम्हांस स्मरत नाही. दुसऱ्यांस दोष कशाला द्यावा? साठी उलटून गेली, उभा जन्म याच देवाच्या दारी कीर्तनसेवेत गेला, पण आम्हीदेखील तो प्रश्न कधी केला नाही.

यंदा मात्र तो प्रश्न मनातून हलत नाही. त्यास कारण घडले ते असे.

भाद्रपदात मिरजेहून निरोप आला, 'चाचा गेले.' चाचा म्हणजे आमच्या वीणेचे कर्ते. मिरजेच्या सतारमेकर गल्लीत त्यांचे लहानसे दुकान. पुढे गिऱ्हाईक बसण्याइतकी जागा, मागे कारखाना. निरोप ऐकून मन उदास झाले. चार ओळींचे सांत्वनपत्र लिहावे म्हणून लेखणी हाती घेतली आणि पहिल्याच ओळीशी अडलो. चाचांचे नाव काय? दुकानाच्या पाटीवर नाव होते ते त्यांच्या वडिलांचे. पावतीवर नाव असे ते दुकानाचे. तीस वर्षांहून अधिक काळ ज्यांच्या हातची वीणा आमच्या पाठीशी वाजत राहिली, त्या माणसास आम्ही 'चाचा' म्हणत आलो आणि त्यांचे नाव विचारण्याची गरज आम्हांस एकदाही भासली नाही! कीर्तनाच्या आरंभी गुरुपरंपरा अस्खलित म्हणणारे आम्ही. पूर्वजांची नावे संकल्पात उच्चारणारे आम्ही. त्या दिवशी लेखणी हातात तशीच राहिली.

१९९० च्या सुमारास आम्ही प्रथम त्यांच्या दुकानी गेलो. वय तरुण, अंगी विद्येचा थोडा ताठा. वीणा पाहिजे म्हणताच चाचांनी किंमत सांगितली नाही. त्यांनीच आम्हांस प्रश्न केले. भजनाला हवी की गायनाला? सूर कोणता? कीर्तन बंद सभागृहात होते की उघड्या मंडपात? गाव कोणते? म्हसवड म्हणताच ते म्हणाले, "माणदेश. कोरडी हवा. मग भोपळा जुना पाहिजे, बुवा. नवा दिला तर दोन उन्हाळ्यांत तडकेल." मग त्यांनी आढ्याला टांगलेल्या भोपळ्यांतून एक काढला, बोटाने टिचकी मारून ऐकला, परत टांगला, दुसरा काढला, तोही टांगला. तिसरा पसंत पडला. आमच्या कानांस तिन्ही टिचक्या सारख्याच वाटल्या होत्या.

हा भोपळा भाजीचा नव्हे. तो कडू भोपळा. मिरजेच्या वाद्यांसाठी तो पंढरपूर-मंगळवेढ्याच्या बाजूने, भीमेच्या खोऱ्यातून येतो. म्हसवडच्या काठाने वाहणारी आमची माणगंगा पुढे याच भीमेस मिळते. म्हणजे वीणेचा देह पांडुरंगाच्या पंचक्रोशीतला आणि त्यात आमच्याही नदीचा अंश! तो भोपळा वाळवावयाचा, पाण्यात भिजवून मऊ करावयाचा, कापून आतील गर व बिया काढावयाच्या, आकार धरून राहावा म्हणून आत काड्यांचा आधार देऊन पुन्हा सुकवावयाचा. मग त्यास लाकडाचा गळा, पोकळ दांडी आणि वर तबली बसवावयाची. पुढे खुंट्या, नक्षी, पॉलिश. आणि शेवटी जवारी. तार ज्या घोडीवरून जाते त्या घोडीचा माथा कानसेने असा घासावयाचा की तार तिला स्पर्श करीत करीत थरथरावी. केसाएवढे अधिक घासले तर सूर बोथट होतो आणि कमी घासले तर तो खुलतच नाही. मग तारेखाली सुताचा एक धागा सरकवतात आणि सूर उजळतो. तेराव्या शतकात देवगिरीच्या यादव सिंघणाच्या आश्रयास असलेल्या शार्ङ्गदेवाने 'संगीतरत्नाकरा'त एक अख्खा वाद्याध्याय लिहिला. त्यात एकतंत्री वीणेच्या तारेखाली बसवावयाच्या बांबूच्या तुकड्यास त्याने 'जीवा' असे नाव दिले आहे. आम्ही तो ग्रंथ अभ्यासिला होता, त्यावर व्याख्यानेही दिली होती. पण जीवा म्हणजे काय, हे कळले ते चाचांच्या बोटांकडे पाहून.

वीणा तयार झाली तेव्हा आम्ही किंमतीत घासाघीस केली. देवाचे काम आहे, हा आमचा युक्तिवाद! चाचांनी दोनशे रुपये सोडले आणि हसून म्हणाले, "दर तुमचा, बुवा, लाकूड माझं." तेव्हा ते वाक्य आम्हांस विनोदाचे वाटले. आज उमजते की त्या माणसाने भाव कमी केला, पण माल हलका दिला नाही. देवाच्या नावाने आम्ही दोनशे रुपये वाचविले आणि ते रुपये देवास दिले ते चाचांनी.

मिरजेचा हा व्यवसाय कसा उभा राहिला, ते वाचकांस ठाऊक असावे. शिकलगार म्हणजे शस्त्रांस पाणी व धार देणारे कारागीर. इंग्रजी अंमलात तलवारी म्यानात गेल्या आणि शिकलगारांच्या पोटावर पाय आला. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास याच समाजातील फरीदसाहेब नावाच्या कुशल पुरुषाने हातातील हत्यारे तंतुवाद्यांकडे वळविली. पटवर्धन संस्थानिकांच्या आश्रयाने मिरजेत गाणेबजावणे नांदत होते. दुरुस्तीस येणाऱ्या वाद्यांतून शिकत शिकत मिरजेचा तंबोरा तयार झाला आणि पुढे साऱ्या देशात गेला. 'सतारमेकर' हे आडनाव होऊन बसले. तलवारीचे पाते घासणारे हात जवारी घासू लागले, याहून सुंदर परिवर्तन कीर्तनात सांगावयास दुसरे कोणते मिळेल?

याच मिरजेत कुरुंदवाडच्या एका कीर्तनकाराचा मुलगा आला. लहानपणी दारूकामाच्या अपघातात त्याची दृष्टी अधू झाली होती. तो बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांजवळ गाणे शिकला आणि त्याने १९०१ साली लाहोरास गांधर्व महाविद्यालय स्थापिले. ते पंडित विष्णु दिगंबर पलुसकर. किराणा घराण्याचे खाँसाहेब अब्दुल करीम खाँ याच मिरजेत स्थायिक झाले आणि १९३७ साली देह ठेवल्यावर येथेच विसावले. तंबोरा सुरात लावावा तर त्यांनीच, अशी त्यांची ख्याती होती. या थोरांची नावे आपण आदराने घेतो, त्यांचे स्मृतिदिन पाळतो. त्यांच्या पाठीशी जे तंबोरे झंकारले, ते घडविणाऱ्यांपैकी किती नावे आपणांस सांगता येतील?

आता जी गोष्ट सांगणार आहोत, ती सांगताना आम्हांस संकोच होतो. पण सांगितल्यावाचून या लेखास अर्थ नाही.

काही वर्षांपूर्वी आमच्याच हलगर्जीपणाने वीणा उन्हात राहिली आणि भोपळ्यास चीर गेली. सप्ताह पंधरा दिवसांवर आलेला. खाली मान घालून मिरजेस गेलो. चाचांनी वीणा हाती घेतली, चिरेवरून अंगठा फिरविला आणि एकच विचारले, "सप्ताह कधी बसतो?" आम्ही तिथी सांगितली. त्या तिथीच्या आदल्या सायंकाळी चाचांचा मुलगा एस.टी.ने म्हसवडला उतरला. मिरजेपासून सारा प्रवास त्याने वीणा मांडीवर धरून केला होता. वाहकाने ती टपावर टाकावयास सांगितली, तर हा म्हणाला, "सप्ताहाची वीणा आहे. खाली ठेवायची नाही, असं वडिलांनी सांगितलंय."

अखंड हरिनाम सप्ताहाचा नियम वाचक जाणतातच. सात दिवस वीणा भूमीस टेकत नाही. एकाच्या गळ्यातून ती दुसऱ्याच्या गळ्यात जाते, आणि ज्याच्या गळ्यात ती असते त्याच्या पायी लहानथोर सारे माथा ठेवतात. नियम सप्ताह बसल्यापासूनचा. पण त्या मुलाने तो आदल्याच दिवशी, एस.टी.च्या बाकावर पाळला. दुरुस्तीचे पैसे विचारले तर तारांपुरते घेतले. रात्री मुक्कामास राहिला, दुसऱ्या दिवशी मंडपात मागे बसून कीर्तन ऐकले आणि नारळाचा प्रसाद घेऊन परत गेला.

त्या कीर्तनाच्या अखेरीस आम्ही आभार मानले. मंडप देणाऱ्याचे मानले, अन्नदात्यांचे मानले, ध्वनिक्षेपक लावणाऱ्याचे मानले, बाहेरगावच्या पाहुण्यांचे नावानिशी मानले. मागे बसलेल्या त्या मुलाचे आणि त्याच्या वडिलांचे नाव तेवढे आमच्या तोंडी आले नाही. त्यात द्वेष नव्हता, हेतू नव्हता. आठवणच झाली नाही. पण हेतू नसलेले विस्मरण कमी कठोर असते असे आता वाटत नाही. ज्यास आपण मुद्दाम वगळतो तो निदान आपल्या मनात तरी असतो.

आमच्या शास्त्रांनी हे विस्मरण शिकविले असते तर गोष्ट निराळी. त्यांनी तर उलटेच सांगितले आहे. आपल्यापैकी अनेकांच्या घरी दर सोमवारी रुद्राचे आवर्तन होते. त्या रुद्रात ऋषी नमस्कार करीत जातो, तो केवळ कैलासपतीस नव्हे. सुतारास नमस्कार आहे, रथ करणाऱ्यास आहे, कुंभारास आहे, लोहारास आहे. आमचा सिद्धनाथ शिवस्वरूप. त्याच्यावर अभिषेकाची धार धरताना हे नमस्कार आमच्या मुखातून शेकडो वेळा निघून गेले असतील. पण मुखातून निघाले आणि पाण्याबरोबर वाहून गेले. वेदांत ऋभूंची कथा आहे. सुधन्व्याचे हे पुत्र जन्माने मर्त्य. त्यांनी त्वष्ट्याच्या एका चमसाचे चार केले, अश्विनीकुमारांना रथ घडवून दिला आणि केवळ हातांच्या कौशल्याने ते देवपदास पोचले. तिसऱ्या सवनात त्यांस सोमाचा भाग मिळाला. पूर्वमीमांसेत तर रथकाराच्या अग्न्याधानाच्या अधिकाराचे स्वतंत्र अधिकरणच आहे. जो रथ घडवितो त्यास यज्ञाबाहेर ठेवता येत नाही, हे आमच्या पूर्वसूरींस कळले होते.

आणि संतांचे काय सांगावे? गोरोबा मडकी घडवीत, नामदेव शिंप्याच्या कुळातले, नरहरी सोनारांचे तर पंढरपुरात दुकान. करगोट्याचे माप घ्यावयास डोळे बांधून विठ्ठलाच्या गाभाऱ्यात शिरलेल्या त्या शिवभक्त सोनारास हरिहरांच्या ऐक्याचा साक्षात्कार झाला, तो कामाच्या वेळी झाला, हातात माप असताना झाला. ही कथा आम्ही वर्षानुवर्षे उत्तररंगात रंगवून सांगितली आहे. श्रोत्यांचे डोळे पाणावले आहेत. पण आपल्याही गावात, शेजारच्या गावात कोणी नरहरी हातात माप घेऊन बसला असेल, हे आम्हांस सुचले नाही.

येथे कोणी म्हणेल, "बुवा, कारागिराने दाम घेतले, काम दिले. व्यवहार पुरा झाला. आता ऋण कसले?" या प्रश्नास शतपथब्राह्मणाने उत्तर दिले आहे. तीन ऋणे सर्वांस पाठ असतात: देवऋण, ऋषिऋण, पितृऋण. शतपथ चौथे सांगते, ते मनुष्याचे. दाम दिल्याने लाकूड, भोपळा व मजुरी यांची फेड होते. तीन भोपळ्यांना टिचकी मारून दोन परत टांगले, त्याची किंमत कोणत्या पावतीवर लिहिली होती?

दुसरा म्हणेल, "आता पेटीएवढे विजेचे यंत्र मिळते, दूरध्वनीतही तंबोरा वाजतो, सूर ढळत नाही, भोपळा तडकत नाही. मग कशास हवेत कारागीर?" यंत्रास आम्ही नावे ठेवणार नाही. परगावी जाताना ते आमच्याही पिशवीत असते, आणि गरीब भजनी मंडळाची त्यावर सोय होते हे खरे. पण सप्ताहात ते यंत्र कोणाच्या गळ्यात घालणार? त्याच्या पाया कोण पडणार? शिवाय वीणा सुरात ठेवावी लागते. वीणेकऱ्यास कान द्यावा लागतो, हवा बदलली की खुंटी पिळावी लागते. तो कान देणे हेच अर्धे भजन.

आणि तिसरा कोणी हलक्या आवाजात विचारील की, देवाचे वाद्य घडविणारा मुसलमान, त्याचे नाव देवळात कशास? त्यास आमचे एवढेच सांगणे की, त्याच्या हातची वीणा ज्या देवास चालली, त्या देवास त्याचे नाव चालेल. एस.टी.च्या बाकावर मांडीवर वीणा धरून बसलेल्या त्या मुलाने आपला नियम पाळला होता. आपण आपला पाळला काय?

मिरजेच्या सतारीस आणि तानपुऱ्यास २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. आनंदाची गोष्ट झाली. नक्कल करणाऱ्यांस त्याने काही आळा बसेल. परंतु मानांकनाने गावाचे नाव टिकते. कारागीर टिकतो तो मागणीने, योग्य दामाने आणि आपल्या कामाची कोणास कदर आहे या जाणिवेने. नव्या पिढीस हे काम कष्टाचे आणि बेभरवशाचे वाटले तर त्यांस दोष कसा द्यावा? हे वाद्यांपुरतेच नव्हे. आमच्या माणदेशात मागावर घोंगडी विणणारे हात आहेत. देवाच्या पालखीस लाकूड लावणारे, टाक घडविणारे, समया ओतणारे हात आहेत. आपण वस्तू घरी आणतो, तिची पूजा करतो आणि तिच्या कर्त्याशी चार रुपयांसाठी वाद घालतो.

तेव्हा या देवदिवाळीस आमचे वाचकांस थोडेच मागणे आहे. आपल्या गावच्या भजनी मंडळाची वीणा, मृदंग, टाळ बाहेर काढा आणि ते कोणी घडविले याचा शोध घ्या. भोपळ्यावर एखादी जुनी चिठ्ठी असेल, म्हाताऱ्या वीणेकऱ्यास आठवत असेल. नाव सापडले तर ते देवस्थानच्या वहीत देणगीदारांच्या शेजारी लिहा. कारागीर हयात असेल तर पुढच्या सप्ताहास त्यास बोलवा आणि नारळ मागे नव्हे, पुढे बसवून द्या. मंडप-ध्वनिक्षेपकाच्या वर्गणीतून थोडी रक्कम वाद्यांच्या देखभालीसाठी वेगळी ठेवा आणि ते काम मूळ कारागिराकडेच न्या. देवाच्या कामात घासाघीस करू नका. ज्यास देव मोठा वाटतो त्याने देवाच्या कारागिरास लहान दाम देऊ नये.

आमच्या पत्राचे पुढे काय झाले, ते सांगून लेख संपवितो. अखेर आम्ही पत्र लिहिले ते चाचांच्या मुलास, आणि लाजेकाजे शेवटी विचारले, "आपल्या वडिलांचे पूर्ण नाव कळवावे." आठ दिवसांत उत्तर आले. नाव होते, वडिलांचे नाव होते, आजोबांचेही होते. उत्तराच्या शेवटी दोन ओळी अशा होत्या की, वीणेची जवारी दोन वर्षे झाली तपासलेली नाही, घोडी झिजली असेल. रथ झाल्यावर घेऊन यावे, कानस वडिलांचीच आहे.

ते नाव आम्ही येथे छापावयास दिलेले नाही. ज्या ठिकाणी ते राहून गेले, त्या ठिकाणीच ते प्रथम उच्चारिले पाहिजे. आज रथ परत आल्यावर देवाच्या पुढे आमची कीर्तनसेवा आहे. मंगलाचरण होईल, गुरुपरंपरा होईल आणि तिच्यापाठोपाठ ते नाव होईल. वीणेकरी नेहमीप्रमाणे मागे उभा असेल. चाचांच्या मुलास यावयाचे कळविले आहे; त्याच्यासाठी पुढे जागा राखली आहे.